गंभीर आजारी मुलाचं रक्ताभिसरण: नजर कशावर ठेवायची आणि आकडे कुठे फसवतात

प्रश्न असा आहे: उपजिल्हा रुग्णालयात मुलांसाठी चार खाटांचा पीआयसीयू (अतिदक्षता विभाग) सुरू होतोय. मल्टिपॅरा मॉनिटर, सिरिंज पंप आणि पोर्टेबल सोनोग्राफी मशीन आहे, आर्टेरियल लाइनचं (धमनीत नळी घालून बीपी सतत मोजण्याचं) सामान मागवता येईल. मुलाचं हृदय आणि रक्ताभिसरण नीट चाललंय हे कशावरून ओळखायचं, किती वेळाने काय बघायचं, आणि सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब), लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल), इको (हृदयाची सोनोग्राफी) यांच्यावर कितपत भिस्त ठेवायची?

खरेदीपासूनच सुरुवात करतो. पहिले पैसे बीपीच्या कफांवर घाला. नवजात बाळापासून पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत सगळे आकार प्रत्येक खाटेपाशी हवेत. कफमधल्या फुग्याची रुंदी दंडाच्या मध्यावरच्या घेराच्या ४० टक्के हवी आणि लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के. कफ लहान पडला की बीपी खोटं जास्त दिसतं, मोठा पडला की खोटं कमी. यातली पहिली चूक जास्त महागात पडते, कारण ती शॉक (पेशींना रक्त न पुरणं) झाकून टाकते. दुसरे पैसे लॅक्टेट देणाऱ्या ब्लड गॅस मशीनवर. आर्टेरियल लाइनचा नंबर त्यानंतर.

आता मुख्य गोष्ट. मुलांमध्ये बीपी सर्वांत शेवटी पडतं. लहान मुलाचं हृदय एका ठोक्याला फेकायच्या रक्तात फारशी वाढ करू शकत नाही, म्हणून ते ठोके वाढवतं. सोबत हातापायांच्या, कातडीच्या, आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. या दोन गोष्टींवर बीपी बराच वेळ टिकून राहतं, पण आतून पेशींना रक्त पुरत नसतं. म्हणजे ज्या वेळी उपचार सोपे असतात, नेमक्या त्याच वेळी मॉनिटरवरचा बीपीचा आकडा निर्मळ दिसतो. सिस्टॉलिकच्या (बीपीच्या वरच्या आकड्याच्या) किमान मर्यादा भिंतीवर लावून ठेवा: पहिल्या महिन्यात ६०, वर्षापर्यंत ७०, एक ते दहा वर्षांत ७० अधिक वयाची दुप्पट, त्यापुढे ९०. याखालचं बीपी म्हणजे शॉक उशिरा सापडला. मीनसाठी (सरासरी बीपीसाठी) ४० अधिक वयाची दीडपट ही तळाची रेघ (पाचवं शतमान) आणि ५५ अधिक वयाची दीडपट हा मध्य. मुलांच्या सेप्सिसविषयीच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडण्याविषयीच्या) २०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही यातलं नेमकं कुठलं गाठायचं याचा हट्ट नाही, पाचवं शतमान की पन्नासावं याची शिफारस करता आली नाही असंच म्हटलंय. व्यवहारात तळाच्या रेघेवर असलेलं मूल शुद्धीत, उबदार आणि लघवी करणारं असेल तर मी औषध वाढवणार नाही.

हात लावून कळणाऱ्या चार गोष्टी दर तासाला, आणि बोलस (शिरेतून पटकन द्यायचा सलाइनचा हप्ता) चालू असताना दर बोलसनंतर बघायच्या.

पहिली, सीआरटी, म्हणजे दाबून सोडल्यावर कातडीचा रंग परत यायला लागणारा वेळ. सगळेच करतात आणि बहुतेक जण घाईत करतात. हात हृदयाच्या पातळीला किंवा किंचित वर धरा. बोटाचं टोक किंवा छातीचं हाड पाच सेकंद दाबा. एक सेकंद टिचकी मारून नाही. सोडा आणि मॉनिटरच्या घड्याळाकडे बघत सेकंद मोजा. तीनच्या वर गेलं की दखल घ्यायची. नोंद करताना जागा लिहा, कारण छातीवरचं दोन सेकंद आणि बोटावरचं चार सेकंद एकाच मुलात एकाच वेळी असू शकतं. एसी थेट अंगावर येत असेल, मूल नुकतंच ओल्या फडक्याने पुसलं असेल किंवा ताप चढता असेल तर बोटावरचा आकडा फसवतो. मग छातीवर बघा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. एका सेकंदाच्या आत झपकन रंग परत येतोय, नाडी उसळतेय आणि डायास्टॉलिक (बीपीचा खालचा आकडा) सिस्टॉलिकच्या निम्म्याच्या खाली आहे, तर रक्तवाहिन्या सैल पडल्यात. त्या सीआरटीला ‘छान’ म्हणून पुढे जाऊ नका.

दुसरी, गारवा कुठपर्यंत आलाय ते. हाताची मागची बाजू मुलाच्या पावलावरून वर सरकवत न्या आणि ऊब कुठे सुरू होते ते लिहा: बोटं, घोटा, पोटरी, गुडघा. ‘हातपाय गार’ असं मोघम लिहिलं तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला काहीच कळत नाही. ‘ऊब गुडघ्यापासून’ असं सकाळी सहाला आणि ‘ऊब घोट्यापासून’ असं आठला लिहिलेलं असेल, तर उपचार लागू पडतायत हे रक्त न काढता कळलं. मॉनिटरला तापमानाचे दोन प्रोब असतील तर एक गुदद्वारात किंवा अन्ननलिकेत, दुसरा पायाच्या अंगठ्याला लावा. तीन अंशांहून जास्त फरक राहिला तर पायापर्यंत रक्त पोचत नाही.

तिसरी, नाडी दोन ठिकाणी एकदम. जांघेतली आणि पायावरची (बाळात दंडातली आणि मनगटातली) एकाच वेळी चाचपा. मध्यावरची चांगली आणि टोकाची क्षीण, हा आवळलेल्या रक्तवाहिन्यांचा शॉक. मध्यावरचीही क्षीण, म्हणजे हातात मिनिटं उरलीत. एक ते तीन आठवड्यांचं बाळ कोसळून आलं असेल तर चारही हातापायांचं बीपी आणि उजव्या हाताचं व पायाचं सॅच्युरेशन घ्या. जांघेतली नाडी लागत नाही आणि हातापायांच्या सिस्टॉलिकमध्ये २०पेक्षा जास्त फरक आहे, तर सेप्सिसच्या बरोबरीने बंद होत चाललेल्या डक्टसवर (हृदयाशेजारच्या, जन्मानंतर मिटणाऱ्या वाहिनीवर) अवलंबून असलेलं हृदय गृहीत धरा. मात्र हृदयच दमलेलं असेल तर हा फरक दिसत नाही, त्यामुळे फरक नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका.

चौथी, यकृत. बोलस देण्याआधी यकृताची कड पेनाने पोटावर आखून ठेवा. बाळात एक ते दोन सेंटिमीटर यकृत लागणं स्वाभाविकच, म्हणून मूळ रेघ हवी. बोलसनंतर कड खाली सरकली, फुप्फुसाच्या तळाशी बारीक करकर आली, श्वास वाढला किंवा नवा गॅलप (घोड्याच्या टापांसारखा हृदयाचा जादा आवाज) ऐकू आला, तर पुढचा बोलस नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि पोट फुगलेलं नसेल तर सीव्हीपीच्या बरोबरीची आहे.

हृदयाची गती ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गोंधळाची खूण. रडणं, वेदना, ताप, सालब्युटामॉल, सगळ्यांनी ती वाढते. तापाच्या दर अंशाला साधारण दहा ठोके वजा करून बघा. मूल झोपलं, ताप उतरला, तरी गती उतरत नाही, हे महत्त्वाचं. उलट्या आणि पोटदुखी म्हणून आलेल्या मुलात पाण्याच्या कमतरतेशी न जुळणारी गती आणि मोठं यकृत दिसलं तर मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज) डोक्यात आणा. अशा मुलाला गॅस्ट्रोचे म्हणून किलोला २० मिलीचे बोलस मिळतात आणि ते व्हेंटिलेटरवर जातं. बाळात २२०च्या वर, मोठ्या मुलात १८०च्या वर, एकाच आकड्याला चिकटून बसलेली गती असेल तर बारा लीडचा ईसीजी काढा, ती बहुधा एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी रोगट जलद गती) असते. आणि शॉकमधल्या मुलाची १७०ची गती औषधाविना अचानक ९०वर आली तर ‘सुधारलं’ म्हणू नका, आधी श्वासाकडे बघा. ऑक्सिजन कमी पडल्यावर मुलाचं हृदय मंदावतं आणि मग थांबतं.

लघवी: लहान मुलात ताशी किलोमागे एक मिली, किशोरवयात अर्धा. कॅथेटर नसेल तर डायपर वजन करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. शुगर वाढलेली असेल, मॅनिटॉल किंवा फ्युरोसेमाइड दिलं असेल, तर लघवी भरपूर होऊनही रक्ताभिसरण वाईट असू शकतं. मधुमेहाच्या कीटोॲसिडोसिसमधलं कोरडं पडलेलं मूल याच कारणाने फसवतं.

आता आपल्याकडची दोन मुलं शेजारी ठेवून बघा, म्हणजे एकेकटा आकडा का कामाचा नाही ते कळेल. दोघंही पाच वर्षांची, १८ किलोची. दोघांचे हातपाय गार, सीआरटी चार सेकंद, गती १४८.

पहिल्याला डेंग्यू, पाचवा दिवस, ताप सकाळीच उतरला. बीपी १००/८२. सिस्टॉलिकची मर्यादा या वयाला ८०, म्हणजे हे उत्तम. मीन ८८, तेही उत्तम. मॉनिटर हिरवा. पण दोन आकड्यांतलं अंतर १८ आहे. डेंग्यूत पल्स प्रेशर २० किंवा त्याखाली आलं की तो शॉकच, कारण प्लाझ्मा वाहिन्यांबाहेर झिरपतोय आणि आवळलेल्या वाहिन्यांनी डायास्टॉलिक वर ढकललंय. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींची टक्केवारी) ३६वरून ४५वर गेलं असेल तर शंका उरत नाही. किलोला १० मिली, म्हणजे १८० मिली क्रिस्टलॉइड (सलाइनसारखा द्रव) तासाभरात, आणि पुन्हा तपासणी. पल्स प्रेशर रुंदावलं आणि हिमॅटोक्रिट उतरलं तर वेग टप्प्याटप्प्याने खाली आणा: ताशी किलोला ७, ५, ३ मिली. हिमॅटोक्रिट उतरलं पण मूल बिघडतंय, तर कुठेतरी आत रक्तस्राव आहे, रक्त मागवा. आणि २४ ते ४८ तासांनी झिरपलेलं पाणी परत येऊ लागतं तेव्हा सलाइन बंद करायचं विसरू नका. डेंग्यूतला श्वासाचा त्रास पुष्कळदा या उरलेल्या सलाइनचा असतो.

दुसऱ्याला लाल विंचू चावलाय. घाम, तोंडात लाळ, हातपाय तसेच बर्फासारखे, पण बीपी १४०/१०२. इथे पाणी कमी झालेलं नाही. विषाने सुटलेल्या कॅटेकोलामाइन्सनी (ॲड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांनी) वाहिन्या करकचून आवळल्यात आणि हृदय त्या दाबाविरुद्ध ढकलतंय. डेंग्यूवालं सलाइन इथे दिलं तर फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकापासून प्राझोसिनचा (वाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा) वापर दाखवून दिला. त्याचा डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने, साधी गोळी (सावकाश विरघळणारी नव्हे), आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी. लक्षात घ्या, उपचार कधी थांबवायचा हे बीपी ठरवत नाही, पायाची ऊब ठरवते. पहिल्या डोसनंतर मुलाला आडवंच ठेवा, कडेवर उचलू देऊ नका. बीपी दर अर्ध्या तासाने. बीपी खाली आणि फुप्फुसात पाणी अशा अवस्थेत आलेलं मूल ही पुढची पायरी. तिथे डोब्युटामिन आणि इको लागतं.

सीआरटी, गारवा आणि गती दोघांत सारखी, उपचार उलटे. फरक सांगितला तो बीपीच्या दोन आकड्यांमधल्या नात्याने.

बोलसविषयी थोडं. केनिया, युगांडा आणि टांझानियात झालेल्या फीस्ट चाचणीत (२०११) ताप आणि बिघडलेलं रक्ताभिसरण असलेली ३१४१ मुलं होती. ज्यांना बोलस दिला त्यांच्यात ४८ तासांतले मृत्यू सुमारे साडेदहा टक्के, ज्यांना दिला नाही त्यांच्यात ७.३ टक्के. त्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर आणि इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारी औषधं) जवळपास नव्हते, मलेरिया आणि ॲनिमिया भरपूर होता. २०२०च्या मार्गदर्शनातला भेद त्यातूनच आला: अतिदक्षतेची सोय असेल तर पहिल्या तासात किलोला १०–२० मिलीच्या टप्प्यांनी एकूण ४० ते ६० मिलीपर्यंत, सोय नसेल आणि बीपी पडलेलं नसेल तर बोलस नाही, सोय नाही पण बीपी पडलंय, तर ४०पर्यंत, तेही प्रत्येक टप्प्याला थांबून. तुमचं युनिट यांच्या मधलं आहे. माझा सल्ला: एका वेळी किलोला १० मिली, आणि प्रत्येक बोलसनंतर यकृत, फुप्फुस, गती, सीआरटी. दोन-तीन बोलसनंतर बदल नाही तर चौथ्याची वाट न बघता ॲड्रिनलिन सुरू करा, चांगल्या परिघीय शिरेतूनही चालतं. सेंट्रल लाइन मिळेपर्यंत थांबू नका. मात्र शिरेची जागा दर पंधरा मिनिटांनी बघायची.

पंपाचा एक धोका इथेच सांगतो, कारण तो मॉनिटरिंगचा प्रश्न वाटतो आणि असतो नळीचा. ०.३ मिग्रॅ गुणिले वजन इतकं ॲड्रिनलिन ५० मिलीत घातलं की ताशी एक मिली म्हणजे मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम, दहा किलोच्या मुलाला ३ मिग्रॅ. आता पंप ताशी ०.५ मिलीवर लावला आणि मधल्या एक्स्टेंशनमध्ये १ मिली सलाइन भरलेलं असेल, तर औषध मुलापर्यंत पोचायला दोन तास लागतील. तोवर बीपी हलत नाही म्हणून डोस तिप्पट होतो, आणि मग ते सगळं एकदम पोचतं. नळी औषधानेच शेवटपर्यंत भरून घ्या, किंवा मागून ताशी २–३ मिली सलाइन वाहतं ठेवा. त्या नळीतून दुसरं काहीही ‘जरा फ्लश’ करू नका. पंप वर उचलून ठेवला तरी थोडा बोलस जातो, त्यामुळे बदलीच्या वेळी तो मुलाच्या पातळीलाच हलवा.

आर्टेरियल लाइन कुणाला? इनोट्रोप चालू असलेल्या, कफचं बीपी न मिळणाऱ्या, किंवा वारंवार गॅस लागणाऱ्या मुलाला. ऑटोमॅटिक कफ खरं तर मीन मोजतो आणि वरचा-खालचा आकडा आपल्या सूत्राने काढतो. शॉकमध्ये तो बऱ्याचदा जास्त दाखवतो, किंवा पुन्हा पुन्हा फुगत राहतो आणि काहीच दाखवत नाही. हे ‘काहीच नाही’ हेसुद्धा निदान समजा. आकडा येईपर्यंत हात बदलत बसण्यापेक्षा नाडी बघा.

रेडियल धमनी पहिली पसंती: बाळाला २४ गेज, मोठ्याला २२. दंडाची धमनी शक्यतो नको, तिथे पर्यायी रक्तपुरवठा अपुरा असतो. नेहमीची मांडणी म्हणजे ५०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये ५०० युनिट हिपॅरिन, बॅग ३०० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवलेली, तिच्यातून ताशी साधारण ३ मिली जातं. तीन किलोच्या बाळाला याचा हिशेब करा: दिवसाला ७२ मिली, म्हणजे किलोला २४ मिली पाणी आणि साडेतीनहून जास्त मिलिइक्विव्हॅलंट सोडियम, आणि हे कुणी चार्टमध्ये धरतच नाही. लहान बाळाला सिरिंज पंपने ताशी अर्धा ते एक मिली द्या. नमुना घेतल्यावर जोरात फ्लश केलं तर हवेचा बुडबुडा किंवा गुठळी उलटी मेंदूकडे जाऊ शकते. अर्धा मिलीच्या आत, सावकाश. या लाइनमध्ये डेक्स्ट्रोज कधीच नको. त्याच्या थेंबाने नमुन्यातली शुगर खोटी जास्त येते, मग इन्सुलिन दिलं जातं आणि मुलाची खरी शुगर तळाला जाते. लाल लेबल लावा आणि बोटांची टोकं उघडी ठेवून पट्टी बांधा. टोकं पांढरी किंवा निळी पडली तर लाइन काढायची.

ट्रान्सड्युसर (लाइनमधला दाब मोजणारा भाग) चौथ्या बरगडीखालच्या जागेच्या पातळीला, काखेच्या मध्यरेषेवर. हवेला उघडून झिरो करा. पातळीत दहा सेंटिमीटरची चूक म्हणजे सुमारे साडेसात मिमीची चूक. मीन ४० असलेल्या बाळाची खाट कुणी दहा सेंटिमीटर वर घेतली आणि ट्रान्सड्युसर स्टँडवरच राहिला, तर मॉनिटर ४७ दाखवेल आणि इनोट्रोप कमी होईल. म्हणून दर पाळीला, आणि खाट हलवली की लगेच, पातळी बघायची.

मग तरंगाकडे बघा. फ्लश ओढून झटकन सोडा: चौकोनी उंचवटा येऊन एक-दोन झोके घेऊन तरंग परत सुरू व्हायला हवा. झोकेच नाहीत आणि तरंग गोलसर, तर कुठे बुडबुडा, गुठळी, पीळ किंवा सैल पडलेली बॅग. सिस्टॉलिक खोटं कमी. झोके चार-पाच आणि तरंगाचं टोक सुईसारखं, तर नळी फार लांब किंवा जोडण्या जास्त. सिस्टॉलिक खोटं जास्त. दोन्हींत मीन बऱ्यापैकी खरं राहतं. कफ आणि लाइन यांच्यात भांडण लागलं तर दोघांचं मीन ताडून बघा. तरंगाच्या वर-खाली होण्यावरून, म्हणजे पल्स प्रेशर व्हेरिएशनवरून, मुलाला पाणी हवंय का हे ठरवू नका. मुलांत त्याचा भरवसा नाही, आणि कमी टायडल व्हॉल्यूमवर (एका श्वासात दिल्या जाणाऱ्या हवेवर) असलेल्या किंवा स्वतः श्वास घेणाऱ्या मुलात तर मुळीच नाही.

सीव्हीपीचं महत्त्व उतरलंय आणि ते योग्यच झालं. ‘आठ ते बारा होईपर्यंत पाणी’ हा जुना नियम सोडून द्या. एकट्या आकड्यावरून मूल पाण्याला प्रतिसाद देईल की नाही ते सांगता येत नाही. दोन ठिकाणी मात्र तो कामाचा आहे. किलोला १० मिली दिल्यावर सीव्हीपी तीन-चारने उसळून तिथेच राहिलं आणि बीपी जागचं हललं नाही, तर हृदय आणखी घ्यायला तयार नाही. आणि मीन वजा सीव्हीपी हा अवयवांना मिळणारा खरा दाब: मीन ५५, सीव्हीपी १८, तर मूत्रपिंडाला उरले ३७. श्वास सोडून झाल्याच्या क्षणी मोजा. पाण्याच्या नळीने मोजत असाल तर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेसात मिमी पारा, हे चार्टवर लिहा. एका पाळीत सेंटिमीटर आणि दुसरीत मिमी असा घोळ हमखास होतो.

सेंट्रल लाइनच्या टोकातून काढलेल्या रक्ताचं सॅच्युरेशन ७०च्या खाली गेलं तर ऑक्सिजन कमी पोचतोय: हृदय दुबळं, हिमोग्लोबिन कमी किंवा मागणी जास्त. लाइनचं टोक वरच्या महाशिरेत हवं. जांघेतल्या लाइनचा आकडा त्याच्या जागी वापरू नका. आकडा ८५ आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका. पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नसेल तरी तो वरच राहतो.

लॅक्टेट दोनच्या वर म्हणजे विचारा, चारच्या वर म्हणजे धावा. मुलांच्या सेप्सिससाठी २०२४मध्ये आलेल्या फिनिक्स निकषांत पाच आणि अकरा या पायऱ्यांवर गुण मिळतात. नमुना टूर्निकेट आवळून, रडत्या मुलाची मूठ दाबून काढला, किंवा अर्धा तास ट्रेमध्ये पडून राहिला, तर लॅक्टेट खोटं वाढतं. फिट येऊन गेली, यकृत बिघडलं, तरी वाढतं. आणि ॲड्रिनलिन स्वतःच लॅक्टेट वाढवतं: मूल उबदार होतंय, लघवी सुरू झाली, पण लॅक्टेट तीनवरून पाचवर गेलं, तर डोस वाढवण्याआधी हे आठवा. सुरुवातीला दर दोन ते चार तासांनी पुरे. उतरतंय का, एवढंच बघायचं.

इको शिकाच, आणि हृदयरोगतज्ज्ञाची वाट न बघता शिका. चार प्रश्नांपुरतं: डावं वेंट्रिकल आकुंचन पावतंय का, हृदयाभोवती पाणी आहे का, उजवी बाजू डावीपेक्षा फुगलीय का, आणि खालची महाशीर रिकामी की तुडुंब. हे चार दोन मिनिटांत होतात आणि उपचार बदलतात. ‘गार शॉक’ आणि ‘उबदार शॉक’ ही हात लावून केलेली वाटणी इकोशी ताडली की बरेचदा चुकते. गार दिसणाऱ्या मुलाचं हृदय जोरात चालू असतं, उबदार दिसणाऱ्याचं दमलेलं असतं. महाशिरेच्या आकुंचनावर एकट्यावर पाण्याचा निर्णय घेऊ नका; पोटातला दाब, व्हेंटिलेटर, रडणं सगळे तिला हलवतात. हात बसला की पाचवी गोष्ट शिका: महाधमनीच्या झडपेखालचं व्हीटीआय (एका ठोक्याला तिथून रक्त किती पुढे सरकतं त्याचं माप). शिखराकडून पाच कप्प्यांचं दृश्य, झडपेच्या जरा अलीकडे पल्स डॉप्लरचा गेट, तीन ते पाच ठोक्यांची सरासरी. किलोला १० मिलीनंतर ते १५ टक्क्यांनी वाढलं तर ते पाणी कामी आलं. झडपेखालचा व्यास मोजून लिटरमध्ये आउटपुट काढायच्या भानगडीत पडू नका. व्यासातली चूक वर्गाने वाढते आणि बाळात व्यासच सेंटिमीटरहून कमी असतो. त्याच मुलाचं आधीचं आणि नंतरचं व्हीटीआय एवढं पुरतं. डॉप्लरचा कोन दोन्ही वेळा सारखा ठेवा, नाहीतर १५ टक्के तुमच्या मनगटाचेच असतील.

थर्मोडायल्युशन, एनआयआरएस वगैरे (हृदयाचं आउटपुट आणि पेशींतला ऑक्सिजन मोजायची) साधनं सध्या मागवू नका. व्हेंटिलेटरवरच्या मुलाला कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा) मात्र हवाच. सेटिंग तेच असताना आलेख अचानक अर्ध्यावर आला तर ट्यूबसोबत नाडीही बघा: फुप्फुसातून रक्त कमी जाऊ लागलं की सर्वांत आधी तिथे कळतं. शॉकमधल्या मुलाला ट्यूब टाकायची वेळ आली तर ॲड्रिनलिन आधी चालू करा, मग भुलेसाठी केटामिन. औषध आणि व्हेंटिलेटरचा दाब मिळून बीपी पाडतात.

वेळापत्रक: बोलस किंवा डोस बदल चालू असेपर्यंत सगळं दर दहा-पंधरा मिनिटांनी, स्थिर झाल्यावर गती, बीपी, पल्स प्रेशर, सीआरटी, ऊब, यकृत आणि लघवी तासाला, गॅस, लॅक्टेट, शुगर, आयोनाइज्ड कॅल्शियम चार ते सहा तासांनी. चार्ट एका पानावर आडवा, आणि गेलेलं पाणी व चालू डोस यांच्या ओळी गतीच्या ओळीखालीच, म्हणजे कशाने काय हललं ते नजरेला पडतं. अलार्मच्या मर्यादा दर मुलाला वयाप्रमाणे बदला. कारखान्यातून आलेल्या मोठ्या माणसाच्या मर्यादांवर दिवसभर वाजणारा मॉनिटर शेवटी मुका केला जातो.

पुढच्या रुग्णालयात पाठवायचं असेल तर १०८ला फोन करतानाच शेवटच्या तीन तासांतलं हे पान आणि पंपातल्या औषधाचं मिश्रण (किती मिग्रॅ, किती मिलीत) तिथल्या डॉक्टरांना कळवा. पंपाची बॅटरी तपासा, ॲड्रिनलिनची दुसरी सिरिंज भरून लेबल लावून सोबत द्या. गाडी हलताना कफ चुकतो. रस्त्यात दंडातली नाडी आणि कॅप्नोग्राफ यांवर भिस्त ठेवा. निघण्याआधी दहा मिनिटं सगळं रुग्णवाहिकेच्या मॉनिटरवर चालवून बघा. नळी निसटली, पंप अडला, तर ते वॉर्डातच कळू दे.